नवीन प्रोजेक्टर आणलाय, चित्र धुरकट आणि मधेच आपोआप हलतंय, मदत करा

कासारवडवलीकर | शनिवार, रात्री ११:५०

मंडळी, आमच्या घरातला तीन वर्षांचा वाद शेवटी मिटला, ५५ इंची टीव्ही की प्रोजेक्टर, आणि यंदा बोनसच्या पैशात प्रोजेक्टर आला. मिटला म्हणतोय ते जरा घाईचंच होतंय म्हणा, कारण आज चौथा दिवस आहे आणि बायको रोज एकदा तरी विचारते, परत करायची शेवटची तारीख कधी आहे.

मशीन छोटंसं आहे, एलईडीवालं. डब्यावर लिहिलंय नेटिव्ह फुल एचडी, ४०० अ‍ॅन्सी लुमेन्स, ऑटोफोकस, ऑटो कीस्टोन, आत अँड्रॉइड. दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत दाखवलं तेव्हा भारी दिसलं होतं. घरी आणून हॉलमधल्या मागच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवलं, सात फूट उंचीवर, कारण खाली ठेवलं तर पोरं हात लावणार. समोरच्या भिंतीवर चित्र पाडलं. तर एक म्हणजे सगळं फिकट, पाण्यात धुतल्यासारखं. दुसरं म्हणजे मोठ्या माणसांचे चेहरे ठीक पण खालची सबटायटल्स गिचमिड. वरच्या चार-पाच इंचात सीलिंग फॅनची पाती नाचतात ते वेगळंच. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं म्हणजे मधेच, काही कारण नसताना, पिक्चर थांबतो, स्क्रीनवर चौकोनांचं डिझाईन येतं, मशीन घुर्र करून परत फोकस करायला लागतं. काल मॅचच्या शेवटच्या ओव्हरला झालं. बाबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले, ते जास्त लागलं.

पीस खराब आहे का? बदलून मागू का? सात दिवसांतले चार गेले.

मासुंदा | शनिवार, रात्री ११:५८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हघ्या, म्हणजे हलकेच घ्या)

ऐरोली_एक्सप्रेस | रविवार, रात्री १२:२०

पीस खराब वाटत नाही. आधी चार गोष्टी सांगा. लेन्सपासून भिंतीपर्यंत अंतर किती, टेपने मोजून, अंदाजे नको. चित्राची रुंदी किती. बघताना हॉलमधली ट्यूब चालू असते का बंद. आणि भिंतीचा रंग काय. मॅन्युअलमध्ये थ्रो रेशो म्हणून एक आकडा असेल तोही द्या.

कासारवडवलीकर | रविवार, सकाळी ८:१५

मोजलं. मुलीने टेपचं एक टोक धरलं त्यामुळे अर्धा इंच इकडेतिकडे. अंतर साडेतेरा फूट. चित्र रुंद १३० इंच. थ्रो रेशो १.२५ लिहिलाय, त्याचा अर्थ कळला नाही. ट्यूब चालूच असते, आई संध्याकाळी अंधार करू देत नाही आणि नंतर भाज्या निवडायला, होमवर्कला लाईट लागतोच. भिंत फिकट पिस्ता, टेक्स्चरवाली. मागच्या वर्षीच हौसेने केली होती.

ऐरोली_एक्सप्रेस | रविवार, सकाळी ९:०५

बास, निम्मं उत्तर यातच आलं. थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. तुमचा १.२५ आहे, म्हणजे जेवढं रुंद चित्र हवं त्याच्या सव्वापट लांब मशीन ठेवायचं. साडेतेरा फुटांवर १३० इंच रुंद येणारच, म्हणजे कर्ण १५० इंच. तुम्ही १५० इंची पडदा लावून बसलाय आणि मशीन आहे ४०० लुमेन्सचं. लुमेन्स म्हणजे मशीन फेकतं तो एकूण उजेड, ते तेवढेच राहतात हो, फक्त जास्त जागेवर पसरतात. १०० इंची चित्र केलंत तर रुंदी ८७ इंच आणि उंची ४९, क्षेत्रफळ सव्वादोन पटीने कमी, म्हणजे उजेड सव्वादोन पट जास्त. आकड्यात सांगायचं तर १०० इंचाला भिंतीवर साधारण १४५ लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे लुमेन्स) पडेल आणि आत्ता पडतोय ६५ च्या आसपास.

आता ट्यूबचं. २० वॅटची एलईडी पट्टी साधारण २००० लुमेन्स देते. म्हणजे तुमच्या प्रोजेक्टरच्या पाचपट उजेड त्याच खोलीत फिरतोय आणि त्यातला बराचसा भिंतीवर पडतोय. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही हे नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. काळा म्हणजे तिथे त्याने काहीच फेकलं नाही, आणि मग तिथे जे दिसतं ती तुमची भिंत. ट्यूब चालू असेल तर तुमचा काळा म्हणजे उजळ पिस्ता. रात्रीचा सीन असेल तर हिरो पिस्त्याच्या शेतात उभा दिसणार.

८७ इंचाला सव्वापट म्हणजे १०९ इंच, नऊ फूट एक इंच. तिथे मशीन येईल अशी जागा शोधा आणि ट्यूब बंद करून बघा. बाकीचं नंतर.

मासुंदा | रविवार, सकाळी ९:३०

पिस्त्याच्या शेतात, मेलो.

कासारवडवलीकर | रविवार, सकाळी १०:१०

धन्यवाद, ऐरोली! पण नऊ फुटांवर माझ्या हॉलमध्ये बरोब्बर मधोमध जागा येते, वर फॅन आणि खाली टीपॉय. मेनूमध्ये झूम नावाचं ऑप्शन आहे, ते ७० टक्के केलं तर फळीवरूनच चित्र लहान होतंय की. मग तेच का नको?

वायरमन_नौपाडा | रविवार, दुपारी १:४०

तो झूम डिजिटल आहे, त्याला झूम म्हणणंच चूक. खरा झूम लेन्समध्ये असतो, काच पुढेमागे सरकते. तुमचा झूम म्हणजे आतल्या चिपवरच चित्र लहान काढतात आणि कडेचे ठिपके काळे ठेवतात. ७० टक्के केलं म्हणजे रुंदीत ७० आणि उंचीतही ७०, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त ठिपके सोडून दिले. आणि उजेडही वाढत नाही, कडेचा उजेड वायाच जातो.

मी गेली वीस-बावीस वर्षं हेच करतो, क्लासेस, ऑफिसं, सोसायटीचे हॉल, नौपाड्यापासून पार उरणपर्यंत. दहातल्या आठ तक्रारींत मशीन चांगलं असतं आणि ठेवलेलं चुकीचं असतं. तुमचं सबटायटल गिचमिड येण्याचं कारण सांगतो. फळी सात फुटांवर, म्हणजे चित्र खाली यावं म्हणून तुम्ही मशीनच्या मागे काहीतरी सारलं असणार, पुस्तक किंवा रिमोटचा डबा. बरोबर ना? मशीन वाकडं झालं की चित्राचा आकार सूप धरल्यासारखा होतो, एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद. मग ऑटो कीस्टोन ते सरळ करतो. पण तो काही भिंत सरळ करत नाही. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. त्यातले कडेचे मारून टाकतो आणि उरलेल्यात अख्खं चित्र दाबून बसवतो. चेहरा त्यात खपून जातो, अक्षर खपत नाही. कीस्टोन शून्यावर आणा, मशीन भिंतीला काटकोनात ठेवा, अक्षरं सुधारतात की नाही बघा.

आणखी एक. या मशीनचं चित्र लेन्सच्या समोर सरळ पडत नाही, लेन्सच्या पातळीपासून वर चढत जातं. टेबलावर ठेवायला बनवलेलं असतं म्हणून. त्याला ऑफसेट म्हणतात. म्हणून तुमचा उजेड फॅनमध्ये घुसतोय. उंचावर ठेवायचं असेल तर मशीन उलटं टांगायचं, पाय वर, आणि मेनूत सीलिंग मोड लावायचा, मग चित्र आपोआप खाली उतरतं. सरळ ठेवून मागे पुस्तक सारणं हा उपाय नाही.

कासारवडवलीकर | रविवार, दुपारी १:५५

काका, पुस्तक नाही, मुलाचं कंपासपेटी सारलीय. तुम्हाला कसं कळलं.

वायरमन_नौपाडा | रविवार, दुपारी २:०२

मागच्या आठवड्यात एका क्लासमध्ये प्रश्नसंच सारला होता.

खारघरची_खार | रविवार, दुपारी ३:३०

माझाही अनुभव लिहिते, फोकसबद्दल नाही पण नवीन माणसाला उपयोगी पडेल. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वीचा दिव्याचा प्रोजेक्टर होता, तेव्हा एलईडी परवडत नव्हते. त्या दिव्याचं आयुष्य काही हजार तासांचं असतं आणि तो प्रचंड तापतो, त्यामुळे पिक्चर संपला की रिमोटने बंद करायचा आणि आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. हे आम्हा दोघांना माहीत होतं, माझ्या सासूबाईंना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं लाल दिवा पेटलाय म्हणजे बिल चढतंय. रोज खट्कन बटण बंद. दिवा दुसऱ्या पावसाळ्यात गेला. बोलणार कोणाला.

पावसाळ्यावरून आठवलं. खारघरला डोंगर जवळ, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते. आम्ही मशीन बॅगेत घालून माळ्यावर टाकलं आणि गणपतीत काढलं तर लेन्सच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं. ती बुरशी पुसता येत नाही, लेन्स उघडावी लागते. तेव्हापासून नियम, आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवायचं, आणि ठेवताना झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं. गरम असताना मात्र डब्यात कोंबायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचं.

लेन्सवर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते आणि डाग चिकटतो. कॅमेरावाल्यांकडे रबरी ब्लोअर मिळतो तो घ्या. काच पुसायचा स्प्रे तर अजिबात नको.

वायरमन_नौपाडा | रविवार, दुपारी ३:५५

+१. आणि किचन उघडं असेल तर फोडणीचा तेलकट धूर पण. घोडबंदर रोडची धूळ आणि फोडणी एकत्र आली की फिल्टरवर अशी लापशी बसते की मशीन गुदमरून आपोआप बंद पडतं आणि लोक म्हणतात सर्किट गेलं. महिन्यातून एकदा फिल्टर काढून मऊ ब्रशने झाडायचा. स्वस्त मशीनमध्ये तर फिल्टरही नसतो आणि आतला भाग बंदिस्तही नसतो, धूळ थेट आत जाऊन चित्रात कायमचा डाग दिसतो. घेतानाच विचारायचं, इंजिन सील्ड आहे का.

कासारवडवलीकर | रविवार, रात्री १०:४०

अपडेट. कंपासपेटी काढली, कीस्टोन शून्य केला, मशीन फळीवरच उलटं ठेवून सीलिंग मोड लावला. फॅन गेला! चित्र अजून १५० इंची आहे पण सबटायटल वाचता येतायत. ट्यूब बंद केली, आईला आत मालिका लावून दिली. फिकटपणा पण पुष्कळ कमी.

पण तो चौकोनांचा प्रकार चालूच आहे. आज १० वाजून ५ मिनिटांनी झाला, मग १० मिनिटांत तीनदा. काल आणि परवाही साधारण याच सुमाराला. दिवसा कधीच होत नाही. बायको म्हणते भूत आहे. मला वाटतं गरम होत असावं.

निद्रिस्त_वाचक | रविवार, रात्री ११:०५

व्होल्टेज? आमच्याकडे रात्री सगळ्यांचे एसी लागले की दिवे मंद होतात. स्टॅबिलायझर लावून बघा.

ऐरोली_एक्सप्रेस | रविवार, रात्री ११:१५

व्होल्टेज नसावं, त्याचा अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० पर्यंत काहीही खातो, अडॅप्टरवरच छापलेलं असेल. मला सॉफ्टवेअर बग वाटतोय, अपडेट आलाय का बघा.

वायरमन_नौपाडा | सोमवार, सकाळी ७:२०

फळी ज्या भिंतीला ठोकलीय त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?

कासारवडवलीकर | सोमवार, सकाळी ७:४५

ड्राय बाल्कनी. का?

वायरमन_नौपाडा | सोमवार, सकाळी ७:४८

ड्राय बाल्कनीत काय आहे?

कासारवडवलीकर | सोमवार, सकाळी ७:५१

काका.

वॉशिंग मशीन आहे. भिंतीला टेकून. बायको रोज रात्री जेवणं झाल्यावर लावते आणि दहाच्या सुमाराला स्पिनला येतं.

मासुंदा | सोमवार, सकाळी ७:५३

भूत सापडलं, फ्रंट लोड की टॉप लोड?

वायरमन_नौपाडा | सोमवार, सकाळी ८:१०

या छोट्या मशीनमध्ये मोबाईलसारखा हलल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. मशीन उचलून दुसरीकडे ठेवलं तर फोकस आणि कीस्टोन आपणहून परत करावा म्हणून. तुमचं वॉशिंग मशीन स्पिनला आलं की भिंत थरथरते, फळी थरथरते, याला वाटतं मला कोणीतरी हलवलं. सेटिंगमध्ये प्रोजेक्शन किंवा इमेज करेक्शन असं काहीतरी असेल, त्यात हलल्यावर आपोआप फोकस करा असा पर्याय असतो तो बंद करा. फोकस हाताने, चालू केल्यावर लगेच नाही, १५-२० मिनिटांनी, लेन्स तापल्यावर. थंड असताना केलेला फोकस नंतर जरासा सरकतो.

कासारवडवलीकर | सोमवार, रात्री १०:३५

वॉशिंग मशीन स्पिनवर आहे, पिक्चर चालू आहे, चौकोन नाही. बाबा बाहेर येऊन बसलेत. काका, ठाण्यात कुठेही भेटा, वडापाव आणि कटिंग माझ्याकडून.

मासुंदा | सोमवार, रात्री ११:१०

अवांतर: सीलिंग मोडवरून आठवलं. आमच्या लहानपणी गणपतीत आळीत रस्त्यावरच पांढरा पडदा बांधून १६ एमएमचा पिक्चर दाखवायचे. पुढची जागा मोठ्या माणसांनी धरलेली असायची म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. पिक्चर सगळा दिसायचा पण उलटा. हिरो डावखुरा. पाटीवरची अक्षरं उलटी. मला कितीतरी वर्षं वाटायचं की तो व्हिलन उजव्या गालावर तीळवाला आहे, मग थेटरात बघितला तर तीळ डावीकडे. आता मेनूत रिअर मोड बघितला, म्हणजे आम्ही जे रस्त्यावर बसून बघायचो ते सरळ करून दाखवायची सोय. पन्नास वर्षं उशीर झाला.

ऐरोली_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ११:३०

मस्त. रिअर मोडला पडदा अर्धपारदर्शक लागतो, तुमचा तसा होता म्हणून जमलं. त्याच कारणासाठी घरी साधी बेडशीट लावू नये, बराच उजेड मागे निघून जातो आणि विणकामाची जाळी पण दिसते.

निद्रिस्त_वाचक | मंगळवार, सकाळी १०:००

माझेही दोन प्रश्न इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. (१) डीएलपी आणि एलसीडीत काय घ्यावं? (२) ऑनलाइन एक दिसतोय, २०,००० लुमेन्स, फोर-के, किंमत साडेचार हजार. घेऊ का?

ऐरोली_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ११:२०

दुसऱ्याचं आधी. नको. अ‍ॅन्सी लुमेन्स म्हणजे पूर्ण पांढरं चित्र पाडून त्याचे नऊ भाग करतात आणि नऊही ठिकाणचा उजेड मोजून सरासरी काढतात. नुसतं लुमेन्स लिहिलंय आणि त्याआधी अ‍ॅन्सी किंवा आयएसओ नाही, तर तो आकडा कुठून आला ते विक्रेत्यालाच माहीत. आणि फोर-के सपोर्टेड म्हणजे एवढंच की फोर-के सिग्नल दिला तर तो नाही म्हणणार नाही, आत घेईल आणि स्वतःच्या ठिपक्यांत बसवेल. शब्द शोधायचा तो नेटिव्ह, म्हणजे मशीनचे स्वतःचे ठिपके. साडेचार हजारवाल्यात नेटिव्ह बहुधा १२८० गुणिले ७२० किंवा त्याहून कमी निघतं. आणि बिल पक्कं घ्या, प्रोजेक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या दराने लावलाय का तेवढं बघा.

डीएलपी म्हणजे आत एक चिप, तिच्यावर लाखो बारीक आरसे, प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे कलतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलं, आणि २०१५ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. फायदा म्हणजे चित्र रेखीव. तोटा म्हणजे एका चिपच्या मशीनमध्ये लाल, हिरवा, निळा एकामागून एक दाखवतात, आणि काही लोकांना नजर पटकन फिरवली की इंद्रधनुष्य दिसतं. थ्री एलसीडीत प्रत्येक रंगाला वेगळी एलसीडी काच, तिन्ही रंग एकदम, इंद्रधनुष्य नाही, पण धूळ सांभाळावी लागते.

खारघरची_खार | मंगळवार, दुपारी १२:०५

मला दिसतं इंद्रधनुष्य! नवऱ्याला दिसत नाही, त्याला वाटायचं मी नाटक करते. सबटायटलवरून चेहऱ्याकडे नजर नेली की अक्षरांच्या कडेला लाल-हिरवी शेपटी. म्हणून म्हणते, दुकानात जाताना घरातल्या सगळ्यांना घेऊन जा आणि काळ्यावर पांढरी अक्षरं लावून बघा. नंतर बदलून देत नाहीत.

कासारवडवलीकर | बुधवार, रात्री ११:००

पुढचा हप्ता. आज मशीन टीपॉयवर आणलं, नऊ फूट एक इंचावर, सरळ, सीलिंग मोड काढून. ऐरोली म्हणाले तसं १०० इंच. अरे काय फरक आहे! त्याच मशीनचं चित्र वाटेना. फॅनचा प्रश्नच नाही, चित्र खालून वर जातं आणि फॅनच्या खालीच संपतं. टीपॉय दीड फूट, म्हणजे चित्र जमिनीपासून दीड फुटावर सुरू होतं आणि साडेपाच फुटांवर संपतं, सोफ्यावरून मान वर करावी लागत नाही. तोटे: ताटं ठेवायला टीपॉय नाही, आणि पोरगा पुढून गेला की भिंतीवर राक्षस. त्याला शिकवलंय की लेन्समध्ये डोकावायचं नाही, तरी हाताची ससे-हरणं करून दाखवतोच.

आता नवीन त्रास. मोबाईल मिरर केला तर यूट्यूब दिसतं, पण ओटीटीचं अ‍ॅप लावलं की आवाज येतो आणि चित्र काळं. आणि ब्लूटूथ स्पीकर लावला तर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, डबिंग केल्यासारखं.

ऐरोली_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ११:२५

काळं येणार, कॉपी होऊ नये म्हणून बरीच अ‍ॅप्स मिररिंगला चित्र देत नाहीत. आतल्या अँड्रॉइडमध्येही सगळी अ‍ॅप्स चालतील असं नाही, काहींना त्या मशीनसाठी मान्यता लागते. सरळ एचडीएमआयमध्ये खोचायची ओटीटीची स्टिक लावा. आणि तिला पॉवर प्रोजेक्टरच्या यूएसबीतून देऊ नका, जुन्या पद्धतीचं यूएसबी पोर्ट अर्धाच अँपिअर देतं, स्टिकला जास्त लागतो, मग मधेच रिस्टार्ट होते आणि तुम्ही परत इथे येऊन विचारणार. तिच्याबरोबर आलेला अडॅप्टर भिंतीत लावा.

आवाजाला वायर. प्रोजेक्टरला हेडफोनचं भोक असेल, तिथून स्पीकरला साधी ऑक्स वायर. ब्लूटूथमध्ये आवाज बांधून पाठवणे, सोडवणे यातच वेळ जातो. कमी जास्त असतो पण असतोच.

वायरमन_नौपाडा | गुरुवार, सकाळी ७:१५

आणि वायर ओढताना पायात येईल अशी ओढू नका. टीपॉयवरचं मशीन पडतं ते पोरांमुळे कमी आणि वायरीत पाय अडकून जास्त.

भिंतीचं काय करताय? पिस्ता रंग चित्रातला लाल खाणार, माणसं आजारी दिसतील. टेक्स्चरचा प्रत्येक दाणा पण दिसत असेल.

कासारवडवलीकर | गुरुवार, सकाळी ९:४०

दिसतो काका. हिरॉईनच्या गालावर देवीचे व्रण. आणि काल रात्री भर क्लायमॅक्सला एक पाल आली, बरोब्बर नाकावर जाऊन थांबली, डास बसला होता तिथे उजेडाला. मुलगी ओरडली, आई म्हणाली चुकचुकली असती तर खरं झालं असतं.

भिंत परत रंगवायची परवानगी मिळणार नाही, गेल्या वर्षीचा खर्च अजून ऐकतोय. दुसरं काही?

वायरमन_नौपाडा | गुरुवार, सकाळी १०:३०

जांभळी नाक्याला पडद्यांच्या कापडाची दुकानं आहेत, तिथे पांढरं ब्लॅकआउट कापड मागा, मागून रबर लावलेलं, उजेड आरपार जात नाही. चकचकीत नको, मॅट. सुताराकडून ८७ बाय ४९ ची लाकडी चौकट करून घ्या, कापड मागे वळवून स्टेपल मारून ताणायचं. कापड त्यामुळे दोन्हीकडून सहा इंच जास्त घ्या. चौकटीच्या कडेला दोन-अडीच इंचाची काळी वेलवेटची पट्टी चिकटवा. ती शोभेसाठी नाही, चित्राची कड जरा इकडेतिकडे गेली तर ती पट्टी खाऊन टाकते, आणि काळ्याशेजारी पांढरं जास्त उजळ वाटतं. चार खिळ्यांवर टांगायची, नको तेव्हा काढून पलंगामागे. भिंत वहिनींची, पडदा तुमचा.

आणि पिक्चर मोड डायनॅमिक असेल तर सिनेमा करा. डायनॅमिक दुकानात ट्यूबखाली दाखवायला असतो, हिरवट मारतो.

खारघरची_खार | गुरुवार, सकाळी ११:१५

पाल! मी प्रोजेक्टर विकायला काढतेय.

निद्रिस्त_वाचक | गुरुवार, दुपारी १:००

साडेचार हजारवाला रद्द केला. ऐरोली, धन्स. आमच्या सोसायटीत टेरेसवर फायनल दाखवायचं चाललंय, त्यासाठी कुठला बघू?

ऐरोली_एक्सप्रेस | गुरुवार, दुपारी १:३०

टेरेससाठी विकत घेऊ नका, भाड्याने आणा, ३००० अ‍ॅन्सी किंवा वरचा, आणि सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय सुरू करू नका, कितीही लुमेन्स असले तरी संध्याकाळच्या आभाळापुढे काही चालत नाही. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागेल, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. मॅच लांबली तर शेवटच्या ओव्हर मुक्याने बघा. आणि सोसायटीत सार्वजनिक दाखवणं हे घरी बघण्यापेक्षा वेगळं, हक्कांचा प्रश्न येतो, तो सेक्रेटरीला आधी विचारायला लावा.

कासारवडवलीकर | शनिवार, रात्री ९:२०

कापड आणलं. वेलवेटची पट्टी पण त्याच गल्लीत मिळाली, दुकानदाराने विचारलं ब्लाऊजला का, मी म्हटलं थेटरला. परत करायची तारीख केव्हाच गेली, बायकोने स्वतःहून सांगितलं की जाऊ दे आता. वॉशिंग मशीन मात्र सकाळी लावायचं ठरलंय, ही अट मी घातली नाही, बाबांनी घातली.

सुतार उद्या ११ ला येतो म्हणालाय.

वायरमन_नौपाडा | शनिवार, रात्री ९:४०

११ म्हणजे १ धरा. आणि तो टेपने मोजून चौकट टांगायला लागला तर थांबवा. आधी मशीन जागेवर ठेवा, चालू करा, पूर्ण पांढरं चित्र लावा आणि भिंतीवर चारही कोपरे पेन्सिलीने मारा. त्या खुणांवर चौकट.

कासारवडवलीकर | रविवार, दुपारी १:२५

आला, १:२० ला. पेन्सिल माझ्याकडेच मागतोय.